वॉटसन की सांचो?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्हा वाचक मित्रांत हा वाद हमखास रंगतो: कथेतल्या नायकाचा जोडीदार असावा तर शेरलॉक होम्सच्या डॉ. वॉटसनसारखा, की 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीतल्या सांचो पान्झासारखा?

वॉटसनचं काम चोख आहे. शेरलॉक होम्सच्या 60 पैकी 56 कथा तोच सांगतो, त्यामुळे होम्सच्या डोक्यात काय शिजतंय ते शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. रहस्य टिकतं ते त्याच्यामुळे. (पडद्यावर त्याला कधी कधी बावळट करून टाकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. अफगाणिस्तानात जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे तो!)

तरी माझं मत सांचोलाच. 1605 मध्ये अवतरलेला हा गाढवावरचा शेतकरी स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या आपल्या वेड्या मालकाला, डॉन किहोतेला, तोंडावर सांगतो, अहो, ते राक्षस नाहीत, पवनचक्क्या आहेत. आणि तरीही साथ सोडत नाही. मालक मरणाच्या दारात शहाणा होतो, तेव्हा 'मरू नका, उठा, मेंढपाळ होऊन रानात जाऊ' म्हणून रडत हट्ट धरतो तो सांचोच. बेटाच्या राज्याची हाव त्याला आहे, पण ते मिळाल्यावर निवाडे असे करतो की थट्टा करायला बसलेले थक्क होतात. वॉटसन जवळपास शेवटपर्यंत तसाच राहतो. सांचो पानागणिक मोठा होत जातो.