किल्ली त्याच्याकडे होती, घर त्याचे नव्हते

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी बदली कऱ्हाडला झाली. त्या दिवसांत विद्यानगर आणि मलकापूर या भागांत महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलांची खोल्यांसाठी झुंबड उडते आणि कुटुंबाला परवडणारी जागा मिळणे अवघड होऊन बसते. बारा दिवस लॉजवर काढल्यानंतर समाजमाध्यमावर 'दोन खोल्या, भाडे सात हजार, अनामत चाळीस हजार' अशी जाहिरात दिसली, तेव्हा मी त्याच दुपारी जागा पाहायला गेलो.

दार उघडणारा तरुण अतिशय अदबीने बोलत होता. सदनिका पुण्यात राहणाऱ्या मामांची असून सगळा व्यवहार आपणच पाहतो, असे त्याने सांगितले. जिन्याखालच्या पेटीत महावितरणचे वीजबिल होते आणि त्यावर वेगळेच आडनाव होते. मी विचारले, तर "मामांचंच नाव आहे ते," असे तो सहज म्हणाला. त्या क्षणी मामांचा फोन नंबर मागितला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. पण संध्याकाळी दुसरे कुटुंब येणार असल्याचे ऐकून मी तिथेच पाच हजार टोकन दिले, आणि दोन दिवसांनी नोटरीपुढे करार करून उरलेले पस्तीस हजारही त्याच्या खात्यावर पाठवले.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे तो म्हणाला आणि मला ते खरे वाटले, कारण हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. मुदत अकरा महिन्यांची असली तरी त्यातून सूट नाही, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ऑनलाइन नोंदणीत घरमालकाला स्वतः आधारशी जोडलेला अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. त्याला नोंदणी का नको होती, हे मला फार उशिरा समजले.

एक तारखेला टेम्पोतून सामान घेऊन पोहोचलो, तर दाराला कुलूप होते आणि तसाच करार हातात धरलेले आणखी एक कुटुंब लहान मुलासह जिन्यात बसलेले होते. तरुणाचा फोन बंद होता. शेजाऱ्यांकडून खऱ्या मालकांचा नंबर मिळाला, तेव्हा कळले की तो त्यांचा भाडेकरू होता, त्याने तीन महिन्यांचे भाडे थकवले होते आणि महिनाअखेर त्याला घर सोडायला सांगितले होते.

आम्ही दोन्ही कुटुंबांनी पोलिसांत तक्रार दिली. ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवले, तर रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत मधे बरेच दिवस गेले होते. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

घर शोधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की टोकन देण्यापूर्वी घरपट्टीची पावती किंवा सूची क्रमांक दोन (मालकाचे नाव दाखवणारा, नोंदणी कार्यालयातील खरेदीदस्ताचा उतारा) पाहावी, त्यावरचे नाव समोरच्या माणसाच्या आधारकार्डाशी ताडून पाहावे, आणि तो नातेवाईक असल्याचे सांगत असेल तर मालकांशी स्वतः बोलावे. सध्या आम्ही राहतो त्या घराच्या मालकीणबाईंकडे मी संकोचतच पावती मागितली, तेव्हा त्यांनी भाड्याचा विषय निघण्याआधीच कपाटातून सगळी फाईल आणून माझ्यापुढे ठेवली.