जर्मनीच्या उन्हाळी कोर्ससाठी घेतलेली स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी: चार क्लेमनंतरचा अनुभव

कव्हर ५०,००० डॉलर, डिडक्टिबल (म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण स्वतः सोसायचा भाग) १०० डॉलर, मुदत ४५ दिवस, प्रीमियम माणशी २,१५० रुपये. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकहून जर्मनीला चार आठवड्यांच्या भाषा कोर्सला गेलेल्या सात विद्यार्थ्यांची ही पॉलिसी. चार क्लेम टाकले, ते सगळे मिटायला डिसेंबर उजाडला. कव्हरमध्ये काय येतं आणि काय नाही, हे पॉलिसी घेणाऱ्याने कोष्टकात पाहिलेलंच असतं, ते परत सांगत नाही. सांगायचंय ते कोष्टकाच्या शेवटच्या रकान्याबद्दल. एजंट तो वाचून दाखवत नाही आणि पालकही विचारत नाहीत. तो रकाना म्हणजे डिडक्टिबल.

जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, म्हणजे शेंगेन व्हिसाची, जी नियमावली आहे त्या व्हिसा कोडच्या १५ व्या कलमात विम्याच्या अटी स्पष्ट आहेत: किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू, तातडीचे उपचार, हॉस्पिटल आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. डिडक्टिबल किती असावा यावर तिथे मर्यादा नाही. त्यामुळे १०० डॉलरचा डिडक्टिबल असलेली पॉलिसी व्हिसाच्या काउंटरवर सहज चालते. प्रीमियम थोडा कमी दिसतो आणि कॉलेजरोडच्या एजंटकडून तीच हातात पडते. आम्हीही तीच घेतली. रक्कम मोठी, व्हिसा मिळतोय, मग पाचसहाशे रुपये जास्त का द्यायचे, असाच विचार होता.

चूक इथेच झाली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना चार-सहा आठवड्यांत जे होतं ते फार मोठं नसतं: ताप, कान दुखणं, सायकलवरून पडून घोटा मुरगळणं, दाढ ठणकणं. जर्मनीत साध्या दवाखान्यातल्या एका भेटीचं बिल बहुतेकदा ४० ते ९० युरोंत बसतं. म्हणजे जे आजार खरोखर होणार, त्यांचं बिल जवळजवळ नेमकं डिडक्टिबलच्या आत येतं. कागदावर ५०,००० डॉलर असले तरी हातात शून्य.

पहिला क्लेम कानाचा. तळ्यात पोहल्यावर उजवा कान दुखायला लागला. पहिली भेट ७८ युरो, थेंबांचं औषध २३ युरो, चार दिवसांनी कान साफ करायला दुसरी भेट ६१ युरो. एकूण १६२ युरो, डॉलरमध्ये १८० च्या पुढे. कंपनीने दोन भेटींचे दोन क्लेम नंबर पाडले, दोन्हींतून १०० डॉलर वजा केले आणि देय रक्कम शून्य असं पत्र पाठवलं. पॉलिसीच्या मजकुरात मात्र लिहिलेलं आहे की एकाच आजारावरचे सलग उपचार हा एकच क्लेम धरायचा. हे वाक्य कोष्टकात नाही. पस्तीस पानी पीडीएफच्या व्याख्यांच्या भागात आहे, आणि सगळा वाद त्यावरच उभा राहिला.

आजार एकच होता हे बिलावरूनच सिद्ध झालं, म्हणून जर्मन बिल कसं वाचायचं ते इथे सांगणं भाग आहे. विमा नसलेल्या किंवा परदेशी विमा असलेल्या पेशंटला तिथले डॉक्टर सरकारी दरपत्रकाप्रमाणे आकारणी करतात. बिलावर तारीख, सेवेचा क्रमांक, सेवेचं नाव, पट आणि रक्कम असे रकाने असतात. क्रमांक १ म्हणजे साधा सल्ला. त्याचा मूळ दर ४.६६ युरो, नेहमीची पट २.३, म्हणून रक्कम १०.७२ युरो. अशा सात-आठ ओळी जुळून ७८ युरो होतात. क्लेम विभागाने २.३ हा आकडा नग समजून ‘एकच सेवा दोनदा का लावली’ असं विचारलं होतं. म्हणून आता सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहितो: हा दराचा गुणक आहे, सेवेची संख्या नाही. त्या एका ओळीने नंतरच्या क्लेमचा पत्रव्यवहार टळला.

रकान्यांच्या वर निदान छापलेलं असतं. दोन्ही बिलांवर ‘ओटायटिस एक्स्टर्ना’, उजवी बाजू. एका बिलावर आयसीडी कोडही (आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) होता, एच ६०.३, म्हणजे पोहण्यामुळे होतो त्या प्रकारचा बाहेरच्या कानाचा संसर्ग. दोन्ही बिलांवर निदान तेच, तारखांमध्ये चार दिवसांचं अंतर आणि पॉलिसीतलं ते वाक्य, या तीन गोष्टी एका पानावर मांडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. अकराव्या दिवशी उत्तर आलं, दोन क्लेम एकत्र केले गेले आणि १०० डॉलर एकदाच वजा होऊन साडेसात हजारांच्या थोडे वर रुपये खात्यात आले. तोपर्यंत या पॉलिसीला पाचपैकी एकच तारा द्यायचा असं ठरलं होतं. ते आता बदलतो. क्लेम डेस्कवर पहिल्या फेरीत वाचन नीट होत नाही, पण कंपनीत वर कुणीतरी वाचतं आणि मान्यही करतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

तिथे काम झालं नसतं तर पुढची पायरी इन्शुरन्स ओम्बड्समनची, म्हणजे विमा लोकपालाची होती. नाशिक पुणे कार्यालयाच्या हद्दीत येतं. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. आधी आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक मंडळ) बीमा भरोसा पोर्टलवर नोंद केली तर कंपनीकडून पोच तरी लवकर येते.

पुन्हा डिडक्टिबलकडे येतो, कारण खरा हिशेब अजून सांगायचाय. दुसरा क्लेम मुरगळलेल्या घोट्याचा, एक्स-रेसह १६४ युरो. त्यातले १०० डॉलर गेले, उरलेले मिळाले. तिसरा दाढेचा, ५७ युरो. ते सगळेच डिडक्टिबलमध्ये बुडाले. कानाचे १००, घोट्याचे १०० आणि दाढेचे ६५ च्या आसपास धरले तर तीन क्लेममध्ये विद्यार्थ्यांच्या खिशातून २६५ डॉलरच्या जवळपास गेले, म्हणजे साधारण तेवीस हजार रुपये. आणि वाचवले किती? त्याच कंपनीचं शून्य डिडक्टिबलचं कोटेशन माणशी २,७८० रुपये होतं. फरक ६३० रुपयांचा, सात जणांचे ४,४१०. चार हजार वाचवायला तेवीस हजार घालवले. हा हिशेब आधी मांडायला पाच मिनिटं पुरली असती.

यावर विम्यातली माणसं म्हणतात की विमा मोठ्या संकटासाठी असतो, किरकोळ खर्च स्वतः करावा. नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते पटतं. पण ज्याच्या फॉरेक्स कार्डावर महिनाअखेर दोनशे युरो उरलेत, त्याला ७८ युरो किरकोळ नाहीत. यातून पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं. ‘तसंही काही मिळणार नाही’ म्हणून मुलं दवाखान्यात जायचं टाळतात. कानाच्या बाबतीत तेच झालं. पहिल्या दिवशी नुसतं दुखत होतं, डॉक्टरकडे गेले तेव्हा कान सुजून बंद झाला होता आणि दुसरी भेट त्यामुळेच लागली. परक्या गावात एकट्या असलेल्या मुलाने दुखणं अंगावर काढायला लावणारी अट स्टुडंट पॉलिसीत असूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

चौथा क्लेम सामान उशिरा आल्याचा, आणि तो अगदी सुखाचा ठरला. बॅग बारा तासांहून जास्त उशिरा आली तर १०० डॉलर, यावर डिडक्टिबल नाही. विमानतळ सोडण्याआधी बॅगेच्या काउंटरवरून अनियमिततेचा रिपोर्ट घेतला आणि बॅग हातात आली तेव्हाच्या डिलिव्हरी पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घेतली. दोन्ही कागद ईमेल केले, सहाव्या दिवशी पैसे. पावतीवर वेळ नसती तर बारा तास सिद्ध करता आले नसते, हे लक्षात ठेवा. विमान कंपनीकडे वेगळा दावा करायचा तर मॉन्ट्रियल करारानुसार बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं. बॅग फुटलेली असेल तर ही मुदत ७ दिवसांची.

तारखांचं गणित नाशिककरांना जास्त जपावं लागतं. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नसतो म्हणून घरून दुपारीच निघावं लागतं, आणि फॉर्मवर घरून निघायची तारीख पडते. पॉलिसीची सुरुवात विमान सुटायच्या तारखेपासून हवी. शेवटचा दिवस मात्र जर्मनीहून निघायचा नको, मुंबईत उतरायचा हवा, आणि तेही बहुतेकदा मध्यरात्रीनंतरच असतं. त्यावर एक-दोन दिवस जादा घ्या, प्रीमियम जेमतेम हलतो. सेमिस्टरची परीक्षा लांबल्याने एका विद्यार्थिनीच्या तारखा बदलल्या. पॉलिसी सुरू व्हायच्या आधी ईमेल केल्यामुळे त्या फुकट बदलून मिळाल्या. सुरू झाल्यावर हे जमत नाही.

नावाचा घोळ दरवर्षी होतो. कॉलेजच्या ओळखपत्रावर आणि बोनाफाइडवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी दिलेल्या नावात, कधी नाहीच. पॉलिसी, कोर्सचं प्रवेशपत्र आणि कॉलेजचं ना-हरकत पत्र हे तिन्ही पासपोर्टच्या क्रमानेच करून घ्या. ना-हरकत पत्रात रजेच्या दोन्ही तारखा आणि हजेरीबाबत कॉलेजची मान्यता लिहून घ्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये आपलं नवीन सत्र सुरू झालेलं असतं आणि ७५ टक्क्यांचा प्रश्न परत आल्यावर उभा राहतो. प्रवेशपत्रात आठवड्याला किती तासिका, तेही हवं. जर्मन तासिका ४५ मिनिटांची असते. काही स्टुडंट पॉलिसींना पूर्णवेळ कोर्स लागतो आणि नुसतं ‘समर कोर्स’ लिहिलं की विचारणा होते.

प्रपोजल फॉर्मवर जुन्या आजारांसमोर एजंटला सरसकट ‘नाही’ अशी खूण करू देऊ नका. दमा, थायरॉइड, फिट्स, जे असेल ते लिहा. लपवलेला दमा आणि तिथे आलेला अटॅक या दोन गोष्टी एकत्र आल्या तर सगळा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि हॉस्पिटलचं बिल मग हजारांत असतं, तेही युरोंत. औषधांची चिठ्ठी ब्रँडऐवजी मूळ घटकाच्या नावाने लिहून न्या.

तिथे दवाखान्यातून बाहेर पडताना एक वाक्य म्हणायचं: ‘रेश्नुंग बिट्टे ग्लाइश मिटगेबन’, म्हणजे बिल आत्ताच द्या. नाहीतर ते दोन-तीन आठवड्यांनी टपालाने येतं. टपाल तिथे पत्रपेटीवरचं नाव बघून टाकतात, खोली नंबर बघून नाही. वसतिगृहाच्या पेटीवर विद्यार्थ्याचं नाव चिकटवलेलं नसेल तर बिल परत जातं, आणि मुलं नाशिकला परतल्यावर थकबाकीची नोटीस येते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरच किंमत आणि शिक्का मारून देतात. ती चिठ्ठी जपून आणा, नुसत्या पावतीवर क्लेम अडतो. रात्री किंवा सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जीवाला धोका असेल तर ११२. ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन, कारण कॅशलेस फक्त त्याच वाटेने होतं.

क्लेम फॉर्मसोबत पासपोर्टवरचे ये-जा शिक्के मागतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन हद्दीवर प्रवाशांची नोंद टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटोसह संगणकावर व्हायला लागली आणि शिक्के मागे पडत गेले. पुढच्या तुकड्यांनी बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत, मुंबईच्या शिक्क्यासोबत तेच पुरावा म्हणून लागतील. पैसे विद्यार्थ्याच्याच नावच्या खात्यात येतात, वडिलांच्या नाही, म्हणून नाव छापलेला रद्द चेक आधीच काढून ठेवा.

ज्यांना डाडची (डीएएडी, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) उन्हाळी कोर्सची स्कॉलरशिप मिळते त्यांचा विमा त्यातच असतो. त्यांनी फक्त कोर्सच्या आधी-नंतर फिरायच्या दिवसांपुरती पॉलिसी घ्यावी. बाकीच्यांसाठी २०२६ ला त्याच कंपनीची शून्य डिडक्टिबलची पॉलिसी घेणार आहोत. ताऱ्यांचं म्हणाल तर १०० डॉलरवाल्या पॉलिसीला दोन, तक्रार निवारणाला चार. एजंटला यंदा कोटेशन मागताना पहिल्याच ओळीत लिहून पाठवलंय: डिडक्टिबल शून्य, बाह्यरुग्ण उपचार समाविष्ट, एका आजाराला एकच क्लेम, आणि हे तिन्ही पॉलिसीच्या कोणत्या पानावर आहे तो पान क्रमांक.