‘फ्री पाणी तपासणी’वाले दारात आले तर आधी हे वाचा

नाशिकमध्ये पंचवटी, इंदिरानगर, सिडको, जिथे कुठे तुमचे आईवडील दुपारी एकटे घरी असतात त्यांना हे नक्की वाचून दाखवा. टाय लावलेली, गळ्यात आयकार्ड घातलेली पोरं "पाण्याची मोफत तपासणी" म्हणून सोसायट्यांमधून फिरतायत आणि बोलतात असं की समोरच्याला वाटावं महापालिकेनेच पाठवलंय. महापालिकेचं नाव सरळ घेत नाहीत हं, "तुमच्या वॉर्डात गॅस्ट्रोच्या केसेस वाढल्यात, सर्वे चालू आहे" एवढंच म्हणतात. खरं तर ते आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं मशीन, विकायला आलेले असतात.

हिरावाडीत माझ्या आईकडे हेच झालं. दोन ग्लास घेतले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं आरओचं. त्यावर एक यंत्र ठेवलं, खाली चार दांड्या लोंबकळणारं, आणि प्लग लावला. थोड्या वेळात नळाच्या ग्लासात हिरवट-चॉकलेटी गाळ, वर घाणेरडा फेस, आणि त्यांचं पाणी जवळपास तसंच स्वच्छ. मग बोट दाखवून "काकू हे शिसं, हे आर्सेनिक, हे तुम्ही रोज पिताय". बाबांना किडनीचा त्रास आहे हे आईनेच बोलता बोलता सांगितलेलं, मग काय, त्यालाच धरून बसले.

आता यातली लबाडी ऐका. त्या दांड्यांमध्ये काही लोखंडाच्या असतात. करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच तो गंजकट गाळ होतो, म्हणजे घाण पाण्यातली नाही, त्यांच्याच दांडीची! नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून करंट वाहतो, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच म्हणून तिथे फारसं काही होत नाही. त्यांच्या त्या "शुद्ध" पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि परत प्लग लावायला लावा, तसाच गाळ येईल. बहुतेक ते ऐकूनच यंत्र बॅगेत जाईल.

दुसरं टीडीएस मीटर. पेनासारखं असतं, ऑनलाइन दोनतीनशे रुपयात मिळतं. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं, जंतू त्याला दिसतच नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, टीडीएसची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. शहराला पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, आईच्या नळाला मीटर लावलं तर १४० च्या आसपास आकडा आला. यात आरओ कशाला? वर एक लिटर पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत सोडून द्यायचं, उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी तर याचा विचार करायलाच हवा. २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलेलं. बोअरचं पाणी खारट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागतो, मी आरओच्या विरोधात नाहीये.

पावसाळ्यात खरी भीती कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रोची. त्यासाठी पाणी उकळा किंवा यूव्हीवालं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, मशीन घ्या. आरोग्य खात्याची माणसं नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या रसायनाचे) थेंब टाकून बघतात, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहायला पाहिजे. ती खरी तपासणी, तिला ना गाळ येतो ना फेस.

पण सगळ्यात वाईट पैशाचा भाग. "हप्त्यावर घ्या, व्याज नाही" म्हणून पॅनकार्डचा फोटो, आईचा सेल्फी, आणि ओटीपी "वॉरंटी रजिस्ट्रेशनसाठी" म्हणून घेतला. तो कर्जाचा ओटीपी होता. फायनान्स कंपनीचा मेसेज आला तेव्हा कळलं की आईच्या नावावर लोन झालंय, बँकेतून हप्ता आपोआप कापायची परवानगीसुद्धा गेलीय, आणि तेच मॉडेल ऑनलाइन कितीतरी स्वस्त.

मशीनवर नाव मोठ्या कंपनीचं. कस्टमर केअर म्हणतं तो माणूस आमचा नाही, डीलरचा. डीलर म्हणतो तो कमिशनवर होता, सोडून गेला. अरे, आयकार्डवर लोगो तुमचा, बिलावर लोगो तुमचा, टार्गेट तुम्ही देणार आणि थापा मारल्या की माणूस कुणाचाच नाही!

तुमच्याकडे असं झालं तर लगेच हे करा. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कूलिंग-ऑफचा काळ असतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, म्हणून मेसेज आला की फायनान्स कंपनीला ईमेलच करा, फोनवर बोलून पुरावा राहत नाही. त्यांनी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा तक्रारीचा नंबर १४४४८. मशीनसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, बिल आणि त्या पोराचे व्हॉट्सॅप मेसेज जपून ठेवा. आमचं काम १९१५ वर तक्रार टाकल्यावरच हललं, त्याआधी नुसतं "नोट केलंय मॅडम". मशीन परत नेलं, लोन बंद झालं, पण इन्स्टॉलेशनचे पैसे आणि कापलेला पहिला हप्ता अजून मिळालेला नाही. आणि कंपनीकडून आईला अजून फोन येतात, फिल्टर बदलायची वेळ झाली म्हणून.