रिसेप्टर प्रोटीन म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रोटीन) गळ्यात मारलं, ६८,४४० रुपये गेले

नागपुरात पीएचडी करते. कोरोनाचं स्पाइक प्रोटीन आणि ते आपल्या पेशींवर ज्याला चिकटतं ते प्रोटीन, म्हणजे एसीई२ रिसेप्टर, यांची जोडणी अडवणारे वनस्पतींतले घटक शोधायचं माझं काम. त्यासाठी १०० मायक्रोग्रॅम रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेलं) मानवी एसीई२ हवं होतं. नेहमीच्या कंपनीनं आठ आठवडे सांगितले, माझी फेलोशिप जुलैत संपत होती. म्हणून "माल तयार आहे" म्हणणाऱ्या वितरकाला होकार दिला. ५८,००० आणि त्यावर १०,४४० जीएसटी, सगळे आगाऊ, माझ्या खात्यातून. स्वस्ताच्या मोहात पडले नव्हते; भाव बाजारातलाच होता. तुम्ही मात्र बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. मी तो पैसे गेल्यावर टाकला.

खरी चूक त्याआधीची. त्यानं पाठवलेल्या सर्टिफिकेटवर जेलचा, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या चाचणीचा, फोटो होता; बँड, म्हणजे प्रोटीनचा पट्टा, बरोब्बर ८५ किलोडाल्टनवर (प्रोटीनच्या वजनाचं माप). खाली लिहिलेलं, एचईके२९३ या मानवी पेशींत तयार केलेलं. अरे, मानवी पेशींत बनलेल्या एसीई२ वर साखरेच्या साखळ्या चढतात! हिशेबानं ८५ भरलं तरी जेलवर ते ११०-१२० च्या आसपास दिसतं. हे मी एमएस्सीच्या मुलांना शिकवते. तोच फोटो मी मोबाईलवर बोटांनी मोठा करून पाहिला, "एकच बँड, शुद्ध आहे" म्हटलं आणि पैसे पाठवले. आजही रात्री तो फोटो डोळ्यांसमोर येतो.

कुपी आली मे महिन्यात, नागपूरच्या ४५ अंशांत, थंड ठेवणाऱ्या जेल पॅकचं पार पाणी झालेलं. पावडर आहे, चालतं, अशी मीच समजूत घातली. तीन आठवडे एलायझा (प्रोटीनची जोडणी रंगावरून दाखवणारी चाचणी) कोरा. दोष मी माझ्या हाताला दिला, बफर बदलले, सरांची बोलणी खाल्ली. शेवटी जेल लावला: ६६ वर जाडजूड बँड, शेजारच्या बीएसएच्या रेषेत. प्रत्येक लॅबमध्ये डब्यानं पडलेलं बीएसए! नवी कुपी आली की आधी जेल लावा, प्रयोग नंतर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे जाऊन महिना झालेला, म्हणाले ठाण्यात जा. ठाण्यात पहिला प्रश्न, "प्रोटीन म्हणजे जिमचा डबा का मॅडम?" मी जेलचा फोटो पुढे केला, त्यांनी तो उलटा धरला. मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी वाद, वकील करा. चार चकरा, प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत. संस्था म्हणते खरेदी विभागातून का नाही केली? खरेदी विभागाकडे माझी फाइल जानेवारीपासून पडून होती, हे कोणी विचारत नाही. ६८,४४० म्हणजे माझी दोन महिन्यांची फेलोशिप, आणि ती आता संपलीय.

आगाऊ पैसे देऊ नका. कंपनीलाच मेल करून विचारा, हा तुमचा वितरक आहे का. कुपी फेकू नका. माझी उरलेली उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये सीलबंद आहे, लेबलच्या फोटोसकट. तुमच्याही सर्टिफिकेटवर एचईके२९३ आणि ८५ चा बँड असेल, तर आजच जेल लावा आणि मला कळवा. दोघं-तिघं मिळून गेलो तर निदान तक्रार लिहून तरी घेतील.