डांबर लॅब्रॅडॉर आहे की नाही? कुत्र्याच्या डीएनए चाचणीचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी डीएनए चाचणीच्या कंपनीकडून एक ईमेल आली आणि आमच्या डांबर नावाच्या कुत्र्याच्या अंगात नऊ महिन्यांनंतर ४.१ टक्के लॅब्रॅडॉर निघाला. जानेवारीत आलेल्या अहवालात लॅब्रॅडॉर नव्हताच. तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा संग्रह वाढवल्यामुळे अहवालात 'सुधारणा' झाली आहे, असे त्या ईमेलमध्ये दोन ओळींत कळवले होते. मधल्या काळात मी घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि फिरायला गेल्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला हा लॅब्रॅडॉर नाही, असे पुराव्यानिशी सांगून बसलो होतो. हा अनुभव लिहायला घेण्याचे तात्कालिक कारण एवढेच आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनामध्ये रॅलीजवळ राहतो. डांबरला मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून आणले, तेव्हा त्याच्या कागदावर 'लॅब्रॅडॉर मिश्र, वय पाच महिने' असे लिहिले होते. रंग काळाकुळीत, केस आखूड, कान लोंबते आणि छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका असल्यामुळे शंका घ्यावी असे आम्हाला काही दिसले नाही. शंका घेतली ती बाबांनी, तीही आटपाडीहून व्हिडिओ कॉलवर. "हा लॅब्रॅडॉर नव्हे. त्याची शेपटी बघ, चाबकासारखी आहे. लॅब्रॅडॉरची बुंध्याशी जाड असते," असे ते म्हणाले. बाबांचे आयुष्य खिल्लार बैलांच्या बाजारात गेले आहे. शिंगांची ठेवण आणि चेहरा पाहून ते जनावराचे घराणे सांगतात. परंतु कुत्र्यांतले त्यांना काय कळणार, असे तेव्हा माझ्या मनात आले. नोव्हेंबरच्या सेलमध्ये १५९ डॉलरला, म्हणजे तेरा हजार रुपयांहून अधिक मोजून, मी वंश आणि आरोग्य अशी दोन्ही चाचण्यांची पेटी मागवली ती बरीचशी बाबांना खोटे पाडण्यासाठीच.

नमुना घेण्याची पद्धत कागदावर सोपी आहे. कुत्र्याने अर्धा तास काही खाल्लेले नसावे, मग स्वॅबची काडी गालाच्या आतून आणि जिभेखाली अर्धा ते एक मिनिट फिरवावी आणि द्रव असलेल्या नळीत बंद करून पाठवावी. डांबरने काडी चावायची वस्तू आहे असे ठरवले. पहिला नमुना 'पेशी अपुऱ्या' म्हणून बाद झाला. दुसरी पेटी मोफत मिळाली, पण ती पाठवण्याचे ९.९५ डॉलर माझ्या कार्डावर लागले. त्या ९.९५ डॉलरसाठी मी सात ईमेल केल्या. काडीच्या टोकाचा कापूस पुरेसा भिजला नव्हता, म्हणून चूक ग्राहकाची, असा त्यांचा युक्तिवाद होता. कापूस किती भिजायला हवा हे तुमच्या माहितीपत्रकात कोठे लिहिले आहे, असा माझा प्रश्न होता. पैसे शेवटी परत मिळाले, पण सातव्या ईमेलनंतर.

जानेवारीच्या अखेरीस अहवाल आला. अमेरिकन पिट बुल टेरिअर ३८.२ टक्के, जर्मन शेफर्ड १९.६, ऑस्ट्रेलियन शेफर्ड १७.९, चाऊ चाऊ १२.९ आणि 'अनिश्चित मिश्रण' ११.४ टक्के. मी यादी तीन वेळा वर-खाली सरकवली. लॅब्रॅडॉर कोठेही नव्हता. बाबांना फोनवर सांगितले, तेव्हा हेच आपण फुकटात सांगितले होते, एवढीच आठवण त्यांनी करून दिली.

मग वाचत गेल्यावर लक्षात आले की, फसण्यात शेल्टरचा फारसा दोष नाही. कुत्र्याचा पूर्ण काळा रंग बहुधा एका जनुकाच्या प्रभावी रूपामुळे येतो आणि त्या रूपाची एकच प्रत पुरते. आखूड केसांचेही तसेच आहे. लांब केस दिसण्यासाठी आई आणि बाप अशा दोघांकडून तशी प्रत यावी लागते. म्हणजे चार जातींची खिचडी झाली तरी पिल्लू काळे, आखूड केसांचे आणि पर्यायाने 'लॅब्रॅडॉरसारखे' निघू शकते. डांबरच्या जिभेवर निळसर-काळा डाग आहे आणि तो चाऊ चाऊचा पुरावा असल्याचे इथे जो तो सांगतो. तसे डाग इतर अनेक जातींच्या कुत्र्यांच्या जिभेवरही असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

दिसण्यावरून जात ठरवता येत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा अहवालातल्या नातेवाइकांच्या यादीत मिळाला. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात डांबरची एक बहीण निघाली. दोघांचा ४६ टक्के डीएनए सारखा आहे आणि वयही तेच. ती पिवळसर तपकिरी, काळ्या तोंडाची आणि उभ्या कानांची आहे. तिच्या शेल्टरने कागदावर 'जर्मन शेफर्ड मिश्र' असे लिहिले होते. दोघांची भेट झाली तेव्हा त्यांनी एकमेकांकडे साफ दुर्लक्ष केले, पण तिच्या मालकिणीशी आमची अजूनही फोटोंची देवाणघेवाण चालते. या पैशांत मिळालेली ही एकमेव निखळ गंमत म्हणावी लागेल. 'गुणवैशिष्ट्ये' नावाचा विभाग मात्र वाचण्यासारखा नाही, कारण कुत्र्याचे केस आखूड आणि डोळे तपकिरी असण्याची दाट शक्यता आहे, हे समजण्यासाठी मला सोफ्यावरून मान वळवली तरी पुरते.

माझा मुख्य आक्षेप दशांशचिन्हावर आहे. कुत्र्याच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे २४० कोटी अक्षरे आहेत. ती सगळी वाचली जात नाहीत. साधारण दोन लाख ठरावीक जागा तपासल्या जातात, म्हणजे सरासरी बारा हजार अक्षरांमागे एक. मग अशा लागोपाठच्या जागांचे तुकडे ज्ञात जातींच्या कुत्र्यांच्या तुकड्यांशी ताडून पाहिले जातात. शुद्ध जातीचा आजोबा असेल तर तुकडे लांब मिळतात आणि निदान पक्के होते. पाच-सहा पिढ्यांपूर्वीचा पूर्वज असेल तर तुकडे बारीक होत जातात आणि ते कोणाचे ठरतील हे कंपनीच्या संग्रहात कोणते कुत्रे आहेत यावर अवलंबून राहते. हे सगळे रास्त आहे. पण मग ज्या आकड्याला स्वतःचा पूर्णांक नऊ महिने टिकवता येत नाही, त्याने दशांश स्थळापर्यंत बोलू नये. 'पिट बुल साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक' असे लिहिले असते, तर मी भांडलो नसतो.

मार्चमध्ये घराचा भाडेकरार नव्याने करायची वेळ आली आणि या अहवालाची वेगळीच किंमत कळली. इथल्या अनेक भाड्याच्या संकुलांत काही जातींच्या कुत्र्यांना मनाई असते आणि त्या यादीत पिट बुल व चाऊ चाऊ ही नावे नेहमी दिसतात. आमच्या अर्जात कुत्र्याच्या जातीसाठी एक ओळ होती. शेल्टरच्या कागदावर लॅब्रॅडॉर, अहवालात पिट बुल आणि समोर रोज संध्याकाळी मुलीच्या चपलेवर डोके ठेवून झोपणारा प्राणी! २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच यांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. भाडेकरारात या अभ्यासाला जागा नव्हती. मी व्यवस्थापिकेला सरळ विचारले, तेव्हा त्यांनी पशुवैद्यांच्या नोंदीत जे असेल तेच लिहायला सांगितले. त्या नोंदीत अजून 'लॅब्रॅडॉर मिश्र' होते. मी तेच लिहिले आणि ते लिहिताना मला बरे वाटले नाही. चाचणी करण्यापूर्वी आपला भाडेकरार वाचून घ्यावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

एप्रिलपर्यंत माझे मत पैसे वाया गेले असेच होते. मग डांबरचे दात भूल देऊन साफ करायचे ठरले आणि पशुवैद्यांनी अहवाल मागितला. वंशाच्या पानाकडे त्यांनी पाहिलेही नाही. आरोग्याच्या भागात, मी कधीच न वाचलेल्या एका ओळीत, एमडीआर१ या जनुकाच्या बदललेल्या रूपाची एक प्रत नोंदलेली होती. हे जनुक मेंदूत शिरणारी काही औषधे परत बाहेर ढकलणारा पंप तयार करते. त्यात चार अक्षरे गळालेली असली की पंप नीट चालत नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००१ मध्ये हा दोष सापडला. तो कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत फार आढळतो, म्हणजे आमच्याकडे तो त्या १७.९ टक्क्यांतून आला असावा. पशुवैद्यांनी शामक औषधाची मात्रा सुमारे पाव हिश्शाने कमी केली.

जूनमध्ये बाबा इथे आले असताना एका रात्री डांबरला जुलाब झाले. बाबांच्या औषधांच्या पिशवीत जुलाबावरच्या गोळ्या होत्या आणि ते अर्धी गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायच्या बेतात होते. मी पाकिटावरचे नाव वाचले: लोपेरामाइड. एमडीआर१चा दोष असलेल्या कुत्र्यांना टाळायच्या औषधांच्या यादीत हे नाव मी दोनच महिन्यांपूर्वी वाचले होते. बाबांच्या हातातून मी तुकडा काढून घेतला, तेव्हा ते थोडे दुखावले. सकाळी कारण समजावून सांगितल्यावर त्यांनी ती यादी मला मोठ्या अक्षरांत लिहायला लावली आणि ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सदोष प्रत एकच असल्यामुळे कदाचित काही झालेही नसते. पण त्या रात्रीनंतर १५९ डॉलरचा हिशेब मी मिटवून टाकला.

बाबांना वंशाच्या भागात रस वाटला तो आमच्या एका स्नेह्यांच्या कुत्रीमुळे. त्यांनी पुण्यात गल्लीत सापडलेले पिल्लू सोबत आणले आहे आणि तिच्या अहवालात जवळजवळ सगळाच वंश 'दक्षिण आशियाई गावकुत्रा' असा आहे. आपण ज्यांना गावठी म्हणतो ती कुत्री जातिवंत कुत्र्यांच्या सरमिसळीतून झालेली नाहीत. तो स्वतंत्र आणि जुना समूह आहे. जातींच्या नोंदी ठेवणारे लंडनचे केनेल क्लबच मुळी १८७३ सालचे. "म्हणजे गावठीच खरे घरंदाज," असे म्हणून बाबा त्या कुत्रीसाठी घरून दोन बिस्किटे घेऊन गेले.

आता राहिला तो ४.१ टक्के लॅब्रॅडॉर. 'अनिश्चित' रकाना ११.४ वरून ७.३ वर आला आहे, म्हणजे तो तिथूनच निघाला. प्रमाण पाहता डांबरच्या खापरपणजोबांपैकी किंवा त्याही मागच्या पिढीतला कोणी एखादा लॅब्रॅडॉर असावा. बाबांना फोन केला, तेव्हा त्यांनी शेपटीचा फोटो पुन्हा मागवून घेतला आणि आपले मत बदलले नाही. ज्यांना केवळ औषधांची काळजी आहे, त्यांनी एमडीआर१ची चाचणी तेवढीच करून घ्यावी. ती वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात स्वतंत्रपणे करून मिळते आणि वंशाची पाने वाचत बसावी लागत नाहीत.