अर्बन डिक्शनरी: भाचीचे मेसेज वाचण्यापुरती बरी

भाचीला मेसेज टाकला की उद्या पाचला भेटू, रिप्लाय आला "बेट". मी विचार करत बसलो कसलं बेट, कुठे जायचंय. अर्बन डिक्शनरी या इंग्रजी स्लँगच्या साइटवर बघितलं तर बेट म्हणजे "ठरलं, चालेल" एवढंच. तेव्हापासून ही साइट मोबाइलवर उघडीच असते, म्हटलं आता लिहूनच टाकावं.

साइट जुनी आहे, १९९९ ची. ॲरन पेकम नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या पोराने डिक्शनरी डॉट कॉम या नेहमीच्या ऑनलाइन डिक्शनरीची टिंगल म्हणून काढलेली. अर्थ कोणीही लिहायचा, बाकीच्यांनी अंगठा वर नाहीतर खाली करायचा. त्यामुळे एकाच शब्दाचे ढीगभर अर्थ सापडतात आणि वरचाच खरा असं काही नसतं, कधीकधी वर नुसता जोक असतो म्हणून खाली जाऊन तारखा बघायच्या. मला अर्थापेक्षा त्याखालचं उदाहरण कामाचं वाटतं. "मिड" म्हणजे मध्यम असं मी समजत होतो, उदाहरणं वाचल्यावर कळलं की हा चक्क नाक मुरडून म्हणायचा शब्द आहे, आपण "ठीकठाक" म्हणतो तसा नाही. "कॅप" म्हणजे थाप, हा मात्र पहिल्या फटक्यात डोक्यात बसला कारण टोपी घालणं आपल्याकडे आधीपासून आहेच की.

शब्द आला कुठून हे बघायला इथे जाऊ नका. "स्ले" (म्हणजे एकदम भारी केलंस), "शेड" (म्हणजे टोमणा) हे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बॉलरूमवाल्यांचे, म्हणजे एलजीबीटी लोकांच्या नाच-फॅशनच्या स्पर्धांमधले शब्द, पोरांना वाटतं रीलमधून आले. आणि घाण भरपूर आहे, लहान मुलांच्या हातात देऊच नका. आयबीएमच्या वॉटसन कॉम्प्युटरला ही डिक्शनरी शिकवली तर तो शिव्या द्यायला लागला, शेवटी ती त्याच्या डोक्यातून पुसावी लागली, २०१३ ला बातमी आलेली.

बाकी अर्थ कळला म्हणून शब्द आपला होत नाही. मी भाचीच्या रिझल्टवर हौसेने "स्ले" टाकलं तर म्हणे, "शब्द बरोबर आहे मामा, माणूस चुकलाय". ऑक्सफर्डने २०२३ ला "रिझ" (म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची कला) वर्षाचा शब्द केला हे तिला सांगायला गेलो तर "ए तो संपला कधीच". म्हणून आता फक्त वाचतो, बोलत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पोरांच्या त्या "सिक्स सेव्हन" शब्दामुळे कापला, किती अर्थ वाचले तरी हाती काहीच लागेना. भाचीला विचारलं तर म्हणे त्याला अर्थच नाहीये. आणि जिची टिंगल करायला ही साइट निघाली त्या डिक्शनरी डॉट कॉमनेच २०२५ चा शब्द म्हणून तो निवडलाय, म्हणजे तो अर्धा परत द्यायला हवा बहुतेक.