गच्चीवरचा पर्जन्यमापक : नळी चांगली, स्टँड टाकाऊ

नळी स्वच्छ आहे, आकडे ठळक, चष्म्याशिवाय वाचता येतात. रोज सकाळी साडेआठला बघायचं, हवामान खात्याची वेळही तीच, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. 2.5 मिमीपेक्षा कमी भरलं तर त्यांच्या हिशेबात तो पावसाचा दिवसच नाही! स्टँडचे स्क्रू मात्र पहिल्याच वळवात गंजले.

आता खोक्यावरच्या त्या ओळीबद्दल : ‘पाणीटंचाईचा अंदाज घरबसल्या’. काहीतरीच. पुण्याच्या नळाचं पाणी कोथरूडच्या गच्चीवर नाही, पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासल्याच्या पाणलोटात ठरतं. चारही धरणं मिळून साठा साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. आणि तिथला घाटमाथ्यावरचा पाऊस बराचसा दूरच्या समुद्राच्या लहरीवर. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं मधलं-पूर्वेकडचं पाणी तापलं की एल निनो. मग पावसाचे ढग तिकडे सरकतात, आपल्याकडे मोसमी वारे मंदावतात. 2015 ला तसंच झालं, दिवसाआड पाणी भरलं आपण. 2023 चा ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. तरी हे गणित दरवेळी जुळत नाही. 1997 चा एल निनो दणकट होता, पाऊस मात्र देशभरात सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली असली की तो पाऊस आपल्या बाजूला ओढतो. हे सगळं एका नळीत कुठून मावणार?

मुलांना मोजायची सवय लावायला जरूर घ्या. स्टीलचे स्क्रू आधीच बोहरी आळीतून आणून ठेवा.